पाय विसरून उतरलेला माणूस

६ जानेवारी

आजपासून कादंबरी. वही नवी, पेन नवं. टेबल खिडकीजवळून ओढून भिंतीला लावलं, म्हणजे बाहेर बघत बसायला नको. चोवीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावण्यात गेली, आता जरा स्वतःच्या डोक्यात डोकावून बघायचं ठरवलं आहे. आत काहीच निघालं नाही तर काय, हा विचार सकाळपासून तीनदा आला. तिन्ही वेळा उठून चहा केला.

बायको दारात येऊन उभी राहिली. शाळेत गणित शिकवते, त्यामुळे घरातही तिला प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी रकान्यात बसवायची असते.

"हे काम आहे की हौस?" तिने विचारलं.

"काम. हौसेने लिहिणाऱ्यांच्या कादंबऱ्या अर्ध्यावर राहतात."

"मग रविवारी सुट्टी घे."

"रविवारीच तर लिहिणार!"

"म्हणजे हौस."

"अगं, काम म्हटलं ना!"

"बरं बाबा, काम. गोष्ट कशाची आहे ते तरी सांगशील?"

"पूर्ण झाली की वाच."

ती तपासायच्या वह्या घेऊन बसली. अर्धवट काही दाखवायचं नाही हे माझं तत्त्व आहे. अर्धी भरलेली दाढ आपण रोग्याला आरशात दाखवतो का? नाही दाखवत.

आजचं लेखन: एक वाक्य. "सकाळी आठ वाजता कचेरी उघडली." ठीक आहे. उघडली तर खरी.

८ जानेवारी

नव्या डॉक्टर दवाखाना बघून गेल्या. वयाने लहान, हात हलका, मला 'सर' म्हणतात. ठरलं ते असं: पंधरा फेब्रुवारीपासून सहा आठवडे त्या माझ्या खुर्चीपाशी उभ्या राहणार आणि मी घरी या टेबलाशी बसणार. दोघांचंही जमलं, तर एकतीस मार्चला सह्या. दवाखाना त्यांचा आणि मी पूर्णवेळ लेखक. सही झाली की मागे फिरणं नाही. त्यांनी त्यासाठी दुसरीकडची नोकरी सोडली आहे, त्यामुळे मला ऐनवेळी कच खाऊन चालणार नाही.

मदतनीस बाईंना सांगितलं. या बाईंना मी मनातल्या मनात हेडमास्तर म्हणतो. दवाखान्यात घड्याळ आहे, पण वेळ बाई सांगतात तीच. सगळं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "आणि पेशंटांचं काय?"

"त्यांना काय हो, दात बघणारं कुणीही चालतं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी अंगावर काही सांडून घेतलंय की काय म्हणून कोट तपासला.

१२ जानेवारी

बेकरीवाला आला. खालची डावी दाढ किडलेली. माणूस मैद्याची दोन दोन पोती एका दमात उचलतो, पण सुई दिसली की पाचावर धारण. अशा लोकांना बोलण्यात गुंतवावं लागतं, ही माझी जुनी युक्ती. आज तोंडाला येईल ते सांगत सुटलो.

म्हटलं, एक कारकून होता, रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या कचेरीत. छत्र्या, डबे आणि चष्मे यांच्या नोंदी करून करून कंटाळलेला. एक दिवस गार्ड त्याच्यापुढे एक लाकडी पाय आणून ठेवतो. मांडीपासून खालचा. पायात बूट, बुटाला ताजं पॉलिश. गाडी रिकामी झाल्यावर बाकाखाली सापडला म्हणे. आता मला सांगा, मी बेकरीवाल्याला म्हटलं, माणूस छत्री विसरेल, डबा विसरेल, एखादं पोरसुद्धा विसरेल. पण पाय विसरून गाडीतून उतरेल कसा?

बेकरीवाल्याने डोळे मोठे केले. तोंडात माझे दोन्ही हात, त्यामुळे बोलणार कसा? कारकून तो पाय काखेत मारून, त्या मार्गावरच्या एकेका स्टेशनावर मालकाला शोधत निघतो, इथपर्यंत आलो आणि दाढ भरून झाली.

"झालं, संपलं," मी म्हणालो.

"संपलं कसं? पाय कुणाचा होता?"

"दाढ संपली म्हणतोय मी."

पाय कुणाचा ते मलाही ठाऊक नाही. असल्या फुटकळ गप्पांत डोकं खर्च करण्यापेक्षा कादंबरीकडे लक्ष द्यायला हवं.

१९ जानेवारी

आज एकेचाळीस शब्द. त्यातले तीस कालचेच आहेत, पण आज पुन्हा नव्याने लिहिले. माझा नायक आधुनिक माणसाचं एकटेपण भोगतो आहे. त्याला कचेरीत आणून खुर्चीवर बसवला, तर बसल्या जागचा हलेना. खिडकी उघडायला लावली, तर पुढच्याच वाक्यात ती बंद करून परत बसला. असा आळशी माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. पण काम म्हटलं की असंच असायचं. मजा वाटली असती तर मलाच शंका आली असती.

उजवीकडची वरची दाढ थोडी ठणकते. थंडीने असेल.

२९ जानेवारी

गावात दातांच्या निगेबद्दल कमालीची जागृती झाली आहे. निवृत्त न्यायाधीशबाई या महिन्यात तिसऱ्यांदा सफाईला आल्या. त्यांच्या दातांवर साफ करण्यासारखं आता काहीच उरलेलं नाही. मी आपला वरवर हात फिरवला आणि बडबड केली. माझ्या उपदेशाला फळ आलं, याचं समाधान आहे.

त्यांच्यानंतर कवळीवाले आजोबा. तोंडात स्वतःचा म्हणावा असा एकही दात नाही. तक्रार काय, तर दाढ दुखते! "कुठली?" विचारलं तर कवळी काढून तिच्यातली एक दाखवली. वैद्यकशास्त्रात असल्या दुखण्याची नोंद नाही. पण बिचारे कवळी बशीत ठेवून, तोंड आ वासून वाट बघत पडले होते, म्हणून मीही काहीबाही बोलत राहिलो. कारकून बोगद्यापलीकडच्या गावात एका सुताराला गाठतो. सुतार पाय ओळखतो, म्हणतो केला मीच, पण हा गुडघा माझा नव्हे, कुणीतरी बदललाय. मग कारकून चांभाराकडे. हा चांभार फक्त एकाच पायाचे बूट करून देणारा. हे सगळं मला कुठून सुचतं कोण जाणे. इथे तासन्‌तास चालतं आणि टेबलाशी बसलो की तोंडाला कुलूप. इतकी बुद्धी बडबडीत वाया जाते, दुसरं काय!

बाहेर बाकावर लोक अर्धा अर्धा तास आधी येऊन बसतात आणि कुजबुजतात. मी दार उघडलं की एकदम चिडीचूप. नवी बाकं आरामशीर आहेत खरी.

४ फेब्रुवारी

केसपेपर चाळताना बाईंच्या अक्षरात विचित्र शेरे दिसले. बेकरीवाल्याच्या कागदावर: "डावी दाढ पुन्हा दाखवली. सुतारापर्यंत." न्यायाधीशबाईंच्या: "सफाई. बोगद्यापर्यंत. मधलं एक स्टेशन राहिलं." बाईंना आमच्या शास्त्रातले शब्द येत नाहीत हे ठाऊक होतं, पण म्हणून किडलेल्या जागेला बोगदा? विचारलं, तर म्हणाल्या, "ते माझ्या सोयीसाठी आहे डॉक्टर. तुम्ही नका लक्ष घालू."

भेटीच्या वेळाही त्या कुठल्या तर्कटाने देतात देव जाणे. आज एका पेशंटला सांगत होत्या, "शुक्रवारी नको, मंगळवारीच या. नाहीतर तुमचं मधलं चुकेल." मधलं काय चुकेल? विचारायची माझी हिंमत झाली नाही.

१० फेब्रुवारी

घरात चार पाव. माणसं दोन. परवा तीन होते. बायको शाळेतून येताना रोज बेकरीत शिरते आणि तासाभराने उगवते. "गर्दी असते," म्हणाली. परीक्षा जवळ आल्यात, डोक्याला ताप असतो, होतं असं.

जेवता जेवता एकदम म्हणाली, "एका पायाचाच बूट करायचा म्हणजे त्या चांभाराला मापं तरी किती लक्षात ठेवावी लागत असतील, नाही?"

"कुठला चांभार?"

"कुठला नाही. असंच आपलं." मग जरा थांबून, "आज काय लिहिलंस?"

"पूर्ण झाली की वाच."

तिने पाव कापायची सुरी जरा जोरातच ठेवली. गणितवाल्यांना उत्तर लगेच हवं असतं. त्याला माझा नाइलाज आहे.

१३ फेब्रुवारी

दवाखान्यातला शेवटचा दिवस. रोगी इतके हळवे होतील असं वाटलं नव्हतं.

"आता आम्ही काय करायचं?" आजोबा म्हणाले.

"नव्या डॉक्टरांचा हात माझ्याहून हलका आहे आजोबा."

"हाताचं कोण बोलतंय?"

न्यायाधीशबाई तर चक्क रागावल्या. "प्रकरण अर्धवट टाकून जाणं योग्य नाही डॉक्टर." मी त्यांना सांगितलं, सगळी प्रकरणं केसपेपरवर नीट लिहून ठेवली आहेत, काळजी नसावी. बेकरीवाला काम झाल्यावरही खुर्चीतून उठेना, शेवटी बाईंनी त्याला दंडाला धरून उठवला. चोवीस वर्षांत माझ्या हाताची एवढी कदर होत होती आणि मला पत्ताच नव्हता! डोळे भरून आले. मी कोपऱ्यात जाऊन उगाचच हात धुतले.

१७ फेब्रुवारी

नवं आयुष्य. नऊ ते एक लेखन, दोन ते पाच लेखन. घड्याळ टेबलावर. आज सात तास बसलो. नायक अखेर उठला, दारापर्यंत गेला आणि दार उघडलं. दाराबाहेर कोण उभं आहे ते अजून ठरत नाही.

२७ फेब्रुवारी

दाराबाहेर जे कोण आहे ते दहा दिवस तिथेच उभं आहे. पाय दुखत असतील बिचाऱ्याचे.

दुपारी बायको लवकर आली. माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हा कसला आवाज रे? शेजारी काही दळतायत का?"

"मला नाही ऐकू येत."

"तू दात खातोयस!"

दातांच्या डॉक्टरला दात खाल्लेले कळणार नाहीत? काहीतरीच. मी तसं म्हणालो. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मजा येत नसेल तर कशाला रे एवढा आटापिटा?"

"मजेसाठी कोण करतंय? काम आहे हे."

"दवाखान्यातून यायचास तेव्हा जिन्यात तुझी शीळ ऐकू यायची. मी ती ऐकूनच चहा टाकायचे."

मला शीळ वगैरे काही आठवत नाही. एकदम रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.  बारा शब्द झाले आणि तेही तिच्याकडे पाठ करून.

९ मार्च

आज नाही.

१० मार्च

आजही नाही. पेनात शाई भरली.

१८ मार्च

हेडमास्तरांचा फोन. "डॉक्टर, एकच विचारायचंय. सुताराकडे आधी जायचं की चांभाराकडे?"

"सुताराकडे," मी म्हणालो. मला वाटतं त्या खालच्या कपाटाची बिजागरी गेली असणार, आणि बाईंच्या चपलांचं तर मी वर्षभर बघतोच आहे. फोन ठेवताना त्या कुणाला तरी म्हणाल्या, "सांगितलं होतं ना मी, सुतार आधी!" मागून दोन-चार जणांचा आवाज आला. एवढ्याशा कपाटासाठी केवढी माणसं जमवली!

सह्यांना तेरा दिवस उरले. एकूण पानं: अडीच. नव्या डॉक्टरांना काय तोंड दाखवू? आणि सही केली नाही तर स्वतःला काय दाखवू? पन्नाशी उलटली माझी. लेखक व्हायचं स्वप्न मी कॉलेजपासून उराशी बाळगून आहे, आणि ते एवढं जड असेल असं कुणी सांगितलं नव्हतं.

२३ मार्च

आज जे झालं ते झालं तसं लिहितो.

सकाळी दहाला, वाक्याच्या मधोमध, कट्ट असा आवाज आला. आधी वाटलं पेन मोडलं. मग डोळ्यांपुढे काजवे चमकले. तीच ती वरची दाढ. गाल धरून स्वतःच्याच दवाखान्यात रोगी म्हणून गेलो. बाकावर न्यायाधीशबाई, आजोबा आणि बेकरीवाला ओळीने बसले होते. मला पाहून तिघेही उठून उभे राहिले. मी गालाकडे बोट दाखवलं.

"अरेरे," आजोबा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावेना.

नव्या डॉक्टरांनी फोटो काढला. "सर, दाढेला चीर गेलीय. झोपेत दात खाता का तुम्ही?"

"जागेपणी," मी म्हणालो. "टेबलाशी."

त्यांनी इंजेक्शन दिलं, तोंडात कापूस भरला आणि मशीन हातात घेतलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच मी ते छत खालून पाहिलं. पाचावर धारण म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

"घाबरू नका सर," त्या म्हणाल्या, "मी गोष्ट सांगते. इथे तशी पद्धतच आहे म्हणे. एक कारकून असतो, हरवलेल्या सामानाच्या कचेरीत."

मी डोळे फिरवून हेडमास्तरांकडे पाहिलं. लाळ ओढायची नळी धरून त्या छताकडे बघत होत्या.

नव्या डॉक्टर औषधाच्या बाटलीवरच्या सूचना वाचाव्यात तसं सांगत होत्या, पण एकेक गोष्ट बरोबर होती. गार्ड. बुटाचं पॉलिश. बोगदा. सुतार, आणि बदललेला गुडघा. मी ज्याला बडबड म्हणत होतो त्यातलं सगळं कुणीतरी जपून ठेवलं होतं. केसपेपरवरचा तो बोगदा कुठला, ते मला त्या खुर्चीत, तोंड उघडं असताना, कळलं. अंगावर काटा आला. काय गोष्ट होती! पुढे काय होतं ते ऐकायला मी, मी स्वतः, श्वास रोखून पडलो होतो.

"मग चांभार सांगतो," त्या म्हणाल्या, "की पायाचा मालक एक तस्कर आहे. पाय आतून पोकळ. आणि आत काय, तर हिरे!"

"आँ!" मी ओरडलो.

"दुखतंय?"

"आँ! आँ आँ!"

"बाई, अजून एक इंजेक्शन द्या."

आता जीभही गेली. गोष्ट धावत सुटली. पोलीस आले, पाठलाग झाला आणि माझ्या कारकुनाच्या हातात पिस्तूल आलं. पिस्तूल! माझ्या कारकुनाच्या! त्या माणसाने उभ्या जन्मात पेन्सिलसुद्धा कधी आपटून ठेवलेली नाही. मी ओळखतो ना त्याला! अंगाचा नुसता तिळपापड झाला. आणि बोलू शकत नाही. चोवीस वर्षं मी लोकांना असं झोपवून ठेवत आलो, आणि आत माणसाचं काय होत असतं ते मला आज समजलं.

काम झालं तसा मी उठलो. गळ्यात फडकं, ओठ बधिर, तसाच बाहेर बाकापाशी जाऊन उभा राहिलो.

"हिवे नाहीत!" मी ओरडलो. "त्या पायात हिवेबिवे काही नाहीत!"

न्यायाधीशबाईंनी मान हलवली. "आम्ही ते ग्राह्य धरलंच नव्हतं डॉक्टर."

२४ मार्च

सकाळीच दवाखान्यात गेलो. बाईंनी कपाट उघडलं. बिजागरी शाबूत होती. एकशे बारा केसपेपर, आणि प्रत्येकावर दुखण्याच्या खाली कोण कुठपर्यंत आलं त्याची नोंद. कुणाचं मधलं चुकलं तर बाकावर बसून एकमेकांना सांगायचं, भांडण झालं तर निकाल न्यायाधीशबाईंचा. मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही टेबलाशी बसून सांगायला लागला असता," हेडमास्तर म्हणाल्या. 

नव्या डॉक्टर बाजूलाच उभ्या होत्या. म्हणाल्या, "सर, स्पष्ट बोलू? मला दातांचं सगळं येतं, पण इथले लोक माझ्यासाठी तोंडच उघडत नाहीत. हिऱ्यांनंतर तर तेरा जणांनी भेटी रद्द केल्या."

"मग घातलेत कशाला ते हिरे?"

"चांभारानंतरचं कुणालाच माहीत नव्हतं! जेवण गोड लागेना मला. उद्या काय सांगायचं, उद्या काय सांगायचं, तेच डोक्यात. त्यापेक्षा आडवी अक्कलदाढ काढीन मी."

"म्हणजे तुम्हाला ते काम वाटलं?"

"काम? शिक्षा आहे हो सर!"

दाढ दुखत होती तरी मला हसू फुटलं. खूप हसलो. मला ते कधी काम वाटलंच नव्हतं, म्हणून मी ते कशात धरलंच नव्हतं.

अर्ध्या तासात सगळं ठरलं. सह्या रद्द. सकाळी त्या, दुपारी मी, पाटीवर दोघं. त्यांचा जीव भांड्यात पडला, माझाही. नंतर काउंटरपाशी उभ्या उभ्या केसपेपर पुढे ठेवून लिहायला लागलो, आणि बाईंनी दिवे लावले तेव्हा लक्षात आलं की अकरा पानं झाली आहेत. दाढ एकदाही आवळली गेली नाही.

एकच भानगड आहे. शेवट मला अजूनही माहीत नाही. माणूस पाय विसरून उतरला कसा? सोमवारपासून सगळे तोंड उघडून बसणार आहेत.

२८ मार्च

माझ्या दुपारच्या पाळीचा पहिला दिवस. बाईंनी मुद्दाम सुरुवातीला एकच भेट ठेवली होती. "नवीन पेशंट आहे. सफाई. तुम्ही हात धुऊन घ्या, मी पाठवते."

हात पुसत वळलो, तर खुर्चीत बायको.

"तू? दुखतंय काही?"

"हो," ती म्हणाली. "पण दात नाही."

मी हातातला आरसा खाली ठेवला.

"दोन महिने मी पाव विकत घेऊन गोष्ट ऐकतेय," ती म्हणाली. "तो बेकरीवाला अर्धी विसरतो आणि अर्धी स्वतःच्या मनाची घालतो. सगळ्या गावाला सांगितलीस तू. ज्यांची नावं तुला आठवत नाहीत त्यांना सांगितलीस. आणि मी विचारलं की 'पूर्ण झाली की वाच'. मला वाईट वाटलं रे. फार वाईट वाटलं."

"अगं, ती नुसती दवाखान्यातली बडबड होती. तुला काहीतरी चांगलं द्यायचं होतं मला. म्हणून तर घरी बसलो होतो."

"माझ्यासाठी दाढ फोडून घेतलीस?"

"हो."

"वेडा आहेस तू," ती म्हणाली. हसली, नाक पुसलं, मागे रेलली आणि तोंड उघडलं.

"शेवट मला माहीत नाही," मी म्हणालो.

तिने उघड्या तोंडाकडे बोट दाखवलं. मग सुरुवात केली, दुसरं काय करणार?

कारकून शेवटच्या स्टेशनावर उतरतो. पाय काखेत. चांभाराने सांगितलेलं घर शोधतो, दार ठोठावतो. दार उघडतो तो एका पायाचा माणूस, एक हात बायकोच्या खांद्यावर टाकलेला. कारकुनाला इतक्या दिवसांचा राग असतो. "साहेब," तो म्हणतो, "तुम्ही पाय विसरलात." माणूस बायकोला म्हणतो, पाहुण्यांना पाणी आण. ती आत जाते, तो चौकट धरून उभा राहतो आणि हळू आवाजात बोलायला लागतो. भांडून वेगळे झालो होतो आम्ही, तो म्हणतो. अठरा वर्षं. त्या दिवशी गाडी थांबली आणि ही समोर फलाटावर उभी. पाय बांधायला वेळच नव्हता. तसाच उडी मारून उतरलो आणि पडायला लागलो, तर हिने खांदा दिला. तेव्हापासून घरभर तिच्याच खांद्यावर हात ठेवून फिरतोय. तुम्ही पाय परत आणलात, तर ती खांदा काढून घेईल हो.

इथे मी थांबलो. कारकून काय करेल? मला खरंच ठाऊक नव्हतं. आणि मग एकदम दिसलाच तो. पाणी पितो, भांडं परत देतो, पाय पुन्हा काखेत मारतो आणि मिळेल त्या गाडीने परत येतो. सकाळी आठ वाजता कचेरी उघडतो आणि वहीत लिहितो: मालक सापडला नाही.

बायकोच्या डोळ्यांतून पाणी येऊन कानांकडे ओघळत होतं.

"दुखलं का?" मी घाबरून विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. हातातलं अवजार वीस मिनिटांत तिच्या एकाही दाताला लागलेलं नव्हतं.

बाहेर दाराला लागूनच कुणीतरी मोठ्याने नाक शिंकरलं. आजोबा असावेत. न्यायाधीशबाईंनी त्यांना "शू!" केलं.

बायको उठून बसली, पदराने कान पुसले आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. "आता खरं सांग," ती म्हणाली. "हे काम होतं की हौस?"

मी पाण्याचा पेला तिच्या हातात दिला.

"चूळ भर," मी म्हणालो.